गोष्टीचें पुस्तक होण्यापूर्वीं

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या पहिल्याच दिवशीं इयत्ता नववींतील एक विद्यार्थी मधल्या सुट्टींत शिक्षकांच्या खोलींत आला. त्याच्या हातांत वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेलें एक पुस्तक होतें. तें माझ्यापुढें ठेवून तो म्हणाला, "सर, पहिली प्रत तुम्हांला." पुस्तक त्याच्याच गोष्टींचें होतें. मुखपृष्ठ तकतकीत, पाठीमागें त्याचें छायाचित्र, आणि आंत अर्पणपत्रिकेंत आईवडिलांच्या खालोखाल माझें नांव. मला आनंद झाला हें कबूल केलें पाहिजे. मास्तरकींत असे क्षण फारसे येत नाहींत.

तो आनंद दुसऱ्या गोष्टीपर्यंत टिकला. पहिल्या गोष्टींतील मुलीचें नांव तिसऱ्या पानावर एक आणि पांचव्यावर दुसरेंच. दुसरीचा शेवट कोठें तरी पाहिलेल्या चित्रपटाचा. शुद्धलेखनाच्या चुका तर पानोपानीं. मुद्रितें कोणीं तपासलींच नव्हतीं. ह्या मुलाला लिहितां येत नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. आजोबांच्या बैलजोडीवर त्यानें लिहिलेल्या गोष्टींत चार वाक्यें अशीं होतीं कीं, त्यांचा मला हेवा वाटला. परंतु तीं चार वाक्यें शंभर पानांच्या कच्च्या मजकुरांत हरवून गेलीं होतीं, आणि प्रस्तावनेच्या जागीं, मीं त्याच्या वहींत लाल शाईनें मारलेला "छान! असेंच लिहीत जा" हा शेरा मोठ्या अक्षरांत छापलेला होता.

मागाहून त्याच्या वडिलांची गांठ पडली. शेतकरी गृहस्थ. मोंढ्यांत सोयाबीन घातलें, त्याच्या पट्टींतून मोठी रक्कम त्यांनीं ह्या पुस्तकासाठीं दिली होती. आपल्या पाल्यास लेखक बनवा, अशा अर्थाची जाहिरात त्यांच्या मोबाइलवर आली होती. ३०० प्रती छापून घरीं आल्या. चाळीस-पन्नास सोयऱ्याधायऱ्यांत वांटल्या गेल्या. उरलेल्या माळवदाच्या घरांत लोखंडी पेटींत आहेत. "विक्रीचें तेच पाहणार होते ना?" असें मीं विचारलें. ते म्हणाले, "सर, ते म्हणतेत, आणखी पैसे भरा, मग जाहिरात करूत." त्यांनीं मला दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें वाटलें असतें.

म्हणून हा लेख. कथाकादंबरीचा धंदा असतो, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. त्या धंद्याविषयीं माझें एक मत आहे, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवतों. कथेच्या पुस्तकाचा पैसा वाचकाच्या खिशांतून निघावा, प्रकाशकाकडे जावा व तेथून त्याचा कांहीं अंश लेखकाकडे यावा. तो उलटा, लेखकाच्या घरांतून प्रकाशकाकडे वाहूं लागला कीं वाचकाची गरजच उरत नाहीं. आणि ज्या व्यवहारांत वाचकाची गरज नाहीं, त्यांत गोष्ट चांगली असण्याचीहि गरज राहत नाहीं. त्या मुलाच्या पुस्तकांतील मुलीचें नांव पांचव्या पानावर कां बदललें, ह्याचें उत्तर येथें आहे. तें पाहण्यांत कोणाचाच फायदा-तोटा नव्हता.

ज्यांनीं मराठी कादंबरी उभी केली त्यांचा व्यवहार कसा होता तें पाहूं. बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून तिचें नांव घेतात. विधवांची दैना लोकांपुढें मांडावी हा तिचा हेतु. कादंबरी वाचणारा वर्ग तेव्हां जवळजवळ नव्हताच. तो तयार करण्याचें काम पुढें नियतकालिकांनीं केलें. रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' १८७१ सालीं 'विविधज्ञानविस्तार' मासिकांतून येऊं लागली, आणि १८९० मध्यें हरि नारायण आपटे यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें. 'पण लक्षांत कोण घेतो' ही त्यांची कादंबरी त्यांतूनच हप्त्याहप्त्यानें आली व १८९३ त पुस्तकरूप झाली.

'क्रमशः' हा शब्द आज आपणांस कंटाळवाणा वाटतो; पण त्यांत लेखकाची केवढी परीक्षा आहे पहा. हप्ते फसूं लागले तर वर्गणीदार पुढील वर्षीं वर्गणी पाठवीत नाहीं. तो लेखकाचा मामा नसतो कीं शेजारी नसतो. त्याला भीड पडत नाहीं. ह्या पद्धतीचे दोषहि आपट्यांच्या लेखनांत उतरले आहेत. पाल्हाळ आहे, आणि कांहीं कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. तथापि अनोळखी माणूस पदरचा पैसा खर्चून पुढचें प्रकरण मागतो, ह्या कसोटीवर त्या घांसल्या गेल्या होत्या. आणि एवढा मोठा कादंबरीकार, तोहि केवळ कादंबऱ्यांवर विसंबून राहिला नाहीं. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था ते पाहत असत. ह्या गोष्टीकडे पुढें पुन्हा यावयाचें आहे.

१९०९ सालीं काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि एक नवीच चाल पडली. (हे गृहस्थ मूळचे आजगांवकर. बंगाली साहित्याच्या प्रेमानें त्यांनीं आपलें आडनांवच बदललें. असलें वेड आतां दिसत नाहीं.) ती चाल शंभरांहून अधिक वर्षें टिकली आहे, आणि मराठी कथा आजहि बहुधा दिवाळी अंकाच्या किंवा मासिकाच्या पानावरच प्रथम जन्मास येते. पुस्तक ही तिची नंतरची अवस्था. आमच्या मुलांनीं हा क्रम उलटा केला आहे: आधीं पुस्तक, मग प्रकाशनसमारंभ, आणि शेवटीं, जमल्यास, वाचक.

प्रकाशक आणि छापखानेवाला हे दोन निराळे इसम आहेत, हेंहि पालकांनीं ध्यानांत घ्यावें. छापखानेवाला मजुरी घेतो. मजकूर बरा कीं वाईट हें विचारण्याचें त्याला कारण नाहीं, आणि त्यांत त्याचा दोषहि नाहीं. प्रकाशक जोखीम घेतो. १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 'विभावरी शिरूरकर' ह्या टोपणनांवानें निघाला. सुशिक्षित अविवाहित मुलींच्या मनांतील कोंडी त्यांत इतक्या उघडपणें मांडली होती कीं महाराष्ट्रांत मोठें वादळ उठलें. त्याचे प्रकाशक ह. वि. मोटे. लेखिका कोण हें त्यांनीं गुप्त ठेवलें. त्या बाळूताई खरे, म्हणजे पुढील काळांतील मालतीबाई बेडेकर, हें मागाहून उघड झालें. पुस्तक पडून राहिलें असतें तर मोट्यांचें भांडवल बुडालें असतें, आणि लोक खवळले तर प्रकाशक म्हणून त्यांचें नांव पुस्तकावर होतेंच. तरी त्यांनीं तें काढलें, कारण तें वाचलें जाईल व वाचलें जावें असें त्यांना वाटलें. कोणी तरी परका माणूस आपल्या गोष्टीवर स्वतःचा पैसा लावतो, ह्यापेक्षां मोठें प्रशस्तिपत्र नवीन लेखकास मिळूं शकत नाहीं. माझा लाल शाईचा शेरा त्यापुढें काय?

संपादकाचें कामहि असेंच. 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे कथा साभार परत करीत, पण पुष्कळदां तिच्याबरोबर पत्र जात असे: येथें गोष्ट सैल पडली आहे, हें पात्र कशासाठीं आलें, शेवट पुन्हा पहा. कित्येक लेखक त्या पत्रांनीं घडले. ज्यानें पैसे भरून पुस्तक काढलें त्याला असें पत्र कोण पाठवील? ग्राहक म्हणजे राजा. आणि राजाला कोणी चूक दाखवीत नाहीं.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो आपल्या भागांतून येतो म्हणून त्याचा विचार जरा निवांतपणें केला पाहिजे. आक्षेप असा: पुण्यामुंबईचे संपादक नांदेड-लातूरच्या मुलाला दारांत उभें करीत नाहींत, तेव्हां आम्हीं स्वतःच छापलें तर बिघडलें कोठें?

हा आक्षेप खोटा नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. (लातूर तेव्हां उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील तालुका; स्वतंत्र जिल्हा तो १९८२ सालीं झाला.) कचेरीची भाषा उर्दू, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दू. मराठी ही घरांत, पोथींत, कीर्तनांत आणि खासगी संस्थांच्या मोजक्या शाळांत टिकून राहिलेली भाषा. ग्रंथव्यवहाराचें केंद्र दूर, मधें संस्थानची हद्द.

अशा मुलखांत, परभणी जिल्ह्यांतील सातोना येथें, १९१३ सालीं भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म झाला. हैदराबादेस ते मॅट्रिकपर्यंत शिकले आणि पुढें बांधकाम खात्यांत कारकून झाले. बी. रघुनाथ ह्या नांवानें त्यांनीं कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. 'आलाप आणि विलाप' हा कवितासंग्रह १९४१ चा. 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात', 'म्हणे लढाई संपली', 'जगाला कळलें पाहिजे' ह्या कादंबऱ्या त्यानंतर एकामागून एक आल्या. १९५३ सालीं, वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षीं, ते वारले, आणि 'आडगांवचे चौधरी' ही कादंबरी त्यांच्या पश्चात् १९५४ त प्रसिद्ध झाली. त्यांच्या कथासंग्रहांचीं नांवें पहा: 'साकी', 'फकिराची कांबळी'. ज्या उर्दूनें मराठीला कचेरीच्या बाहेर उभें केलें होतें, तिच्याच शेजारीं राहून ह्या कारकुनानें आपल्या मराठी गोष्टीला रंग चढविला. पुण्याच्या लेखकाचें अनुकरण करीत बसता तर हें त्याला साधलें नसतें. माझ्या मतें मराठवाड्याच्या प्रत्येक लिहिणाऱ्या मुलानें हा मनुष्य माहीत करून घेतला पाहिजे. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें त्याच्या लेखनाचा स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळें बी. रघुनाथांच्या हयातींत प्रसिद्ध झालेलें लेखन १ जानेवारी २०१४ पासून सर्वांसाठीं मोकळें झालें आहे. तें कोणीहि छापावें, कोणीहि वाचावें. आपल्या किती घरांत त्यांतलें एक तरी पुस्तक आहे?

आक्षेपाला दुसरेंहि एक उत्तर आपल्याच प्रांतानें दिलेलें आहे. १९६९ सालीं कांहीं तरुण लेखकांनीं 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. आमच्या जगण्याला तुमच्या मासिकांत जागा नाहीं अशी त्यांची तक्रार होती. होळी एका दिवसांत विझली. परंतु त्याच सुमारास औरंगाबादेंत गंगाधर पानतावणे यांनीं 'अस्मितादर्श' हें नियतकालिक चालविलें, आणि ज्या दलित लेखकांस कोणी विचारीत नव्हतें त्यांच्यासाठीं तें वर्षानुवर्षें चालू ठेवलें. दार उघडत नसेल तर दुसरें घर बांधावें. पण तें एकट्याच्या छायाचित्रासाठीं नसावें, दहाजणांनीं लिहिण्यासाठीं आणि शंभरांनीं वाचण्यासाठीं असावें. मराठवाडा साहित्य परिषदेचें 'प्रतिष्ठान' ह्याच मार्गानें चाललेलें. आणि नांदेडच्याच नरहर कुरुंदकरांचें उदाहरण घ्या. आधीं शाळेंत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजांत प्राध्यापक व प्राचार्य. 'धार आणि काठ' ह्या ग्रंथांत त्यांनीं मराठी कादंबरीची तपासणी केली, आणि गोदाकांठीं बसलेल्या ह्या माणसाचें मत पुण्यामुंबईसहि ऐकावें लागलें. एप्रिल २०२२ मध्यें ९५ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन लातूर जिल्ह्यांतील उदगीर येथें भरलें, तेव्हां अध्यक्षपदीं भारत सासणे होते, ते कथाकारच, जन्मानें जालन्याचे. तेव्हां दूर असणें ही अडचण आहे हें खरें. पण ती पूर्वींइतकी मोठी राहिलेली नाहीं, आणि पैसे भरून काढलेल्या पुस्तकानें तर ती मुळींच दूर होत नाहीं. असें पुस्तक पुण्यालाहि पोंचत नाहीं आणि लोह्यालाहि पोंचत नाहीं.

आतां लिहिण्याविषयीं. ह्या वार्षिकाकडे दरवर्षीं ज्या गोष्टी येतात, त्यांतील गुप्तहेर लंडनमध्यें राहतो आणि त्याच्या घरीं नळाला चोवीस तास पाणी असतें. गुप्तहेराला माझी हरकत नाहीं. बाबुराव अर्नाळकरांनीं हजारांवर रहस्यकथा लिहिल्या, आणि 'झुंजार'च्या व 'काळा पहाड'च्या नादानें वाचूं लागलेलीं माणसें मला ठाऊक आहेत. हरकत पाण्याला आहे. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें लातूरला पाणी आणावें लागलें. आज दहावींत असलेलीं मुलें तेव्हां पांचसहा वर्षांचीं होतीं. त्यांतलीं कित्येक आईचा पदर धरून घागरींच्या रांगेंत उभीं राहिलीं असतील. रांगेंत कोणाचें भांडण झालें, कोणीं कोणाची घागर पुढें सरकवली, टँकर येण्याआधीं कोणाला बातमी लागत असे, हें त्यांना ठाऊक आहे. जगांतल्या दुसऱ्या कोणत्याहि मुलाला हें त्यांच्याइतकें ठाऊक नाहीं. किल्लारीच्या बाजूचीं मुलें घरीं विचारतील तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची हकीगत सांगणारें माणूस अद्याप घरोघर सांपडेल. माळेगांवच्या जत्रेंत घोड्याची किंमत रुमालाखालीं बोटें धरून ठरते कीं आणखी कशी, हें पाहून येणाऱ्या मुलाची गोष्ट मी पहिल्या पानावर छापीन. मग भले तिच्यांत एकहि खून न होवो.

भाषेविषयींहि थोडें. निवेदन तुम्ही पुस्तकी मराठींत करा, त्यांत वावगें नाहीं. ह्या शाळेंत आम्ही तेंच शिकवितों. पण घरीं "काय करूलालास?" म्हणून विचारणाऱ्या आजीच्या तोंडीं "काय करतो आहेस रे बाळा?" असें वाक्य घातलें, कीं आजी मेली आणि गोष्टहि मेली. बैलजोडीच्या गोष्टींतील तीं चार चांगलीं वाक्यें आजोबांच्याच तोंडचीं होतीं, हें मला पुष्कळ उशिरां ध्यानांत आलें.

गोष्ट पुन्हा लिहिली पाहिजे असें म्हटलें कीं मुलें साने गुरुजींचा दाखला देतात. 'श्यामची आई' गुरुजींनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत पांच दिवसांत लिहिली, हें खरें आहे. परंतु त्याआधीं कित्येक वर्षें ते अमळनेरच्या छात्रालयांत मुलांसाठीं 'छात्रालय' नांवाचें हस्तलिखित दैनिक काढीत होते. दैनिक, आणि तेंहि हातानें लिहिलेलें! मुलांना कोणता प्रसंग भिडतो, कोठें डोळे भरतात, कोठें मुलें चुळबूळ करूं लागतात, हें त्यांनीं रोज पाहिलेलें होतें. ते पांच दिवस त्या वर्षांच्या पुंजीवर जगले. ज्यानें आपली गोष्ट कोणाला मोठ्यानें वाचूनहि दाखविली नाहीं, त्यानें पांच दिवसांचा दाखला देऊं नये.

पालकांशीं मला थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे, त्याबद्दल क्षमा असावी. आपला हा भाग परीक्षेच्या यशासाठीं सर्व महाराष्ट्रांत गाजलेला. 'लातूर पॅटर्न' हा शब्द ज्यानें ऐकला नाहीं असा पालक विरळा. त्या यशाची किंमत मी कमी लेखीत नाहीं. त्यानें कित्येक घरें वर आणलीं. पण वर्षभर "गोष्टीचीं पुस्तकें परीक्षा झाल्यावर" म्हणून मुलाच्या हातांतील कादंबरी काढून घेणारे गृहस्थच त्याचें स्वतःचें पुस्तक छापण्यास पुढें सरसावतात, ह्याचें कोडें मला उलगडत नाहीं. वाचणें म्हणजे वेळ दवडणें, आणि छापणें म्हणजे गौरव? कोणाला अशी भीति वाटत असेल कीं लिहिण्याच्या नादानें मुलगा उपाशी राहील, तर त्यानें आपटे आणि बी. रघुनाथ यांच्याकडे पहावें. एकानें संस्था सांभाळली, दुसऱ्यानें कारकुनी केली, आणि दोघांनींहि लिहिलें. मुलानें डॉक्टर व्हावें; डॉक्टरलाहि माणसें भेटतात. पण आज त्याला ग्रंथालयाचें सभासद करून द्या. १९६७ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळूं लागलें व गांवोगांव तीं उभीं राहिलीं; त्यांतील पुष्कळशीं वाचकाची वाट पाहत बसलेलीं असतात.

व्यवहाराच्या कांहीं गोष्टी सांगून टाकतों, कारण त्या न ठाऊक असल्यामुळें लोक फसतात. मुलानें गोष्ट लिहिली त्याच क्षणीं तिचा स्वामित्वहक्क त्याचा झाला. त्यासाठीं कोठें नोंदणी करावी लागत नाहीं. तो हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर १९५७ च्या कायद्याप्रमाणें सहीचा लेखी करार लागतो, आणि करारांत मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. पुस्तकाच्या पाठीवर जो आय.एस.बी.एन. क्रमांक असतो, तो भारतांत सरकारकडून विनामूल्य मिळतो. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांकडून त्याचेहि पैसे घेतले गेले होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठीं अनुदानाची योजना आहे. तेथें हस्तलिखित तपासलें जातें, आणि नापसंतहि होतें. लहान मुलांसाठीं बालभारतीचें 'किशोर' १९७१ पासून चालू आहे. स्वतःच्या खर्चानें पुस्तक काढणें हें पाप आहे असें माझें म्हणणें नाहीं. जाणत्या माणसानें आपला पैसा, आपली जबाबदारी व आपली विक्री पत्करून तसें करावें. जो कोणी पुस्तक काढून देतों म्हणून येईल त्याला एवढेंच विचारावें: एकहि प्रत खपली नाहीं तर नुकसान कोणाचें? उत्तर "तुमचें" असें असेल तर तो छापखानेवाला आहे, आणि त्याला छपाईची मजुरी तेवढी द्यावी.

तो विद्यार्थी आतां अकरावींत आहे. लातूरला खोली करून राहतो, शिकवणीला जातो, सुट्टींत गांवीं आला कीं भेटतो. बैलजोडीची गोष्ट त्यानें तीन वेळां नव्यानें लिहिली. तिसऱ्या खेपेस माझ्या आवडत्या चार वाक्यांपैकीं एक त्यानें काढून टाकलें. मी रागावलों. तो म्हणाला, "सर, आजोबा असं म्हणले नसते, ते मी म्हणलो होतो." त्याचें चुकलें असें मला आतां छातीठोकपणें म्हणवत नाहीं. गोष्ट एका मासिकाकडे गेली आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. मला दिलेली पहिली प्रत त्यानें मे महिन्यांत परत मागून नेली, आणि तिच्या समासांत तो शिसपेन्सिलीनें दुरुस्त्या करीत आहे असें त्याच्या धाकट्या बहिणीनें, जी आमच्याच शाळेंत सातवींत आहे, मला सांगितलें.

पुढील वार्षिकासाठीं गोष्टी ऑगस्टअखेर माझ्याकडे द्याव्यात. कागदाच्या एकाच बाजूस लिहाव्यात व रुंद समास सोडावा. प्रत्येक गोष्ट निदान एकदां तरी परत मिळेल, अशा तयारीनें द्यावी.